पावसाळ्यात उलटणारी मुखपृष्ठे

मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात दरवर्षी एकच गोष्ट घडते. टेबलावर ठेवलेल्या पेपरबॅक पुस्तकांची मुखपृष्ठे मोकळ्या कडेकडून वर उचलली जातात, आणि आषाढातील झड संपेपर्यंत काहींची चक्क कमान झालेली असते. पुठ्ठा बांधणीची जुनी पुस्तके मात्र त्यांच्या शेजारीच सपाट पडलेली असतात. पुस्तक परत करायला आलेले पालक विचारण्याआधीच सांगू लागतात, “म्याडम, पोरानं काही नाही केलं जी, कव्हर आपोआपच उलटलं.” ते खरे सांगत असतात. तरीही घराघरांत मुलांना याच कारणावरून बोलणी बसतात आणि काही मुले त्या धास्तीने पुस्तक घरी न्यायलाच नको म्हणतात, याचे मला फार वाईट वाटते. कव्हर वळण्यात हाताळणीचा वाटा अगदी थोडा असतो. ज्या दोन वस्तू एकमेकींना चिकटवून कव्हर बनवलेले असते, त्यांपैकी एक ओलावा पिते आणि दुसरी पीत नाही, हे त्याचे मूळ आहे. एवढे नीट समजले की पुस्तके कोठे आणि कशी ठेवावीत याचा निर्णय करणे सोपे जाते.

आजच्या बहुतेक मराठी पेपरबॅकचे कव्हर साधारण २२० ते ३०० जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन असलेल्या) आर्ट कार्डवर छापलेले असते आणि छपाईनंतर त्याच्या बाहेरच्या बाजूवर पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म चढवलेली असते. ही फिल्म बहुधा पॉलिप्रोपिलीनची असते, तिची जाडी सुमारे १२ ते ३० मायक्रॉन, म्हणजे कार्डाच्या जाडीच्या मानाने नगण्य असते. चकचकीत हवी तर ग्लॉस आणि मऊसर, बिनचकाकीची हवी तर मॅट, एवढाच फरक. या लॅमिनेशनमुळे कव्हरवर हाताचा मळ बसत नाही, शाई खरवडली जात नाही आणि ओल्या हाताचे ठसे पुसता येतात, म्हणून वाचनालयाच्या दृष्टीने ते उपयोगाचेच आहे. परंतु ते एकाच बाजूला असते. आतली बाजू उघडा कागद असतो आणि हवेचा संबंध त्याच बाजूने येतो.

कागद हा मुळात वनस्पतीच्या तंतूंचा जाळीदार थर आहे, आणि हे तंतू सेल्युलोजचे असल्यामुळे हवेत जेवढी ओल वाढेल तेवढे पाणी शोषून घेतात आणि हवा कोरडी झाली की ते सोडून देतात. कोरड्या हवेत कागदाच्या वजनापैकी तीन-चार टक्के पाणी असते. पावसाळी हवेत तेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास जाते. पाणी शोषले की तंतू फुगतो, पण सर्व दिशांनी सारखा फुगत नाही: जाडीत तो पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, तर लांबीत एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. कव्हरच्या वळण्याला जी ठरावीक दिशा असते, ती या भेदातून येते.

ती दिशा कागद बनतानाच ठरलेली असते. आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची पेपर मिल आहे. तिची कंपनी १९४५ साली स्थापन झाली आणि बांबूपासून कागद बनवण्यासाठी ती ओळखली गेली. अशा कोणत्याही गिरणीत जवळजवळ नव्व्याण्णव टक्के पाणी असलेला पातळ लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर सोडतात, आणि पाणी खाली गळून जात असताना बहुसंख्य तंतू जाळीच्या चालीच्या दिशेने आडवे पडतात. या दिशेला छापखान्यात ग्रेन म्हणतात. तंतू जाडीत अधिक फुगत असल्यामुळे ओल्या हवेत कागद ग्रेनच्या दिशेने फारसा लांबत नाही, मात्र ग्रेनला काटकोनात असलेल्या दिशेने त्याच्या कित्येक पट वाढतो. वाढ प्रत्यक्षात मिलिमीटरच्या अंशांत मोजावी एवढीच असते. परंतु बाहेरच्या बाजूची प्लॅस्टिकची फिल्म मुळीच वाढत नाही, त्यामुळे तेवढा फरकही कव्हर वळवायला पुरेसा होतो. आतला थर लांब झाला आणि त्याला घट्ट चिकटलेला बाहेरचा थर होता तेवढाच राहिला, तर दोघांना एकत्र राहण्यासाठी वळण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि ज्या बाजूची लांबी कमी त्या बाजूला, म्हणजे फिल्मच्या बाजूला, कव्हर वळते. विजेच्या इस्त्रीत तापमान सांभाळणारी दोन धातूंची जोडपट्टी याच नियमाने वाकते. तेथे कारण उष्णता असते, येथे ओलावा. त्या जोडपट्टीचे गणित स्टीफन टिमोशेंको यांनी १९२५ साली मांडले होते, आणि जोडलेला पट्टा जितका पातळ तितके त्याचे वळण मोठे, हा त्यातील निष्कर्ष कव्हरलाही लागू पडतो. म्हणूनच स्वस्त आवृत्तीचे पातळ कव्हर आधी उलटते आणि तीनशे जीएसएमचे जाड कव्हर तग धरते.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर फाटून बाद झालेल्या पुस्तकाचे कव्हर घ्यावे, त्यातून बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापाव्यात, एक पुस्तकाच्या उंचीच्या दिशेने आणि दुसरी रुंदीच्या दिशेने, आणि दोन्हींच्या आतल्या कोऱ्या बाजूवरून ओल्या कापडाचा हात फिरवावा. पाहता पाहता एक पट्टी फिल्मच्या बाजूला अशी वळू लागते की तिची नळी होते. दुसरी मात्र लांबीच्या दिशेने जेमतेम हलते आणि तिच्या दोन लांब कडा तेवढ्या वर येऊन पन्हळ तयार होते. जी पट्टी नळीसारखी गुंडाळली गेली, तिच्या लांबीला काटकोनात ग्रेन आहे असे समजावे. पट्टी पंख्याखाली ठेवली की पाणी उडून जाते, नळी उलगडते, आणि कागद फार कोरडा झाला तर पट्टी उलट बाजूलाही किंचित वाकते. शाळेतील मुलांना हा प्रयोग मी आवर्जून दाखवते, कारण एकदा तो पाहिला की पुस्तक “आपोआप” उलटते म्हणजे काय होते हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही, आणि पुढच्या वेळी घरी तीच मुले मोठ्यांना समजावतात.

पट्ट्या कापल्या नाहीत तरी पुस्तकाकडे पाहून ग्रेन ओळखता येते. मुखपृष्ठाची मोकळी कड वरपासून खालपर्यंत एकसारखी उचलली गेली असेल, तर ग्रेन पाठीला समांतर आहे. हे योग्य काम झाले. वरचे आणि खालचे कोपरे वळले असतील आणि पाठीच्या लगत बारीक लाटा पडल्या असतील, तर ग्रेन आडवे लावले गेले आहे. अशा कव्हरला उंचीच्या दिशेने फुगायचे असते, परंतु पाठीला ते गोंदाने जखडलेले असल्यामुळे तेथे जागा मिळत नाही, आणि तो ताण लाटांच्या रूपाने बाहेर पडतो. ही पुस्तके सपाट करणे सर्वांत कठीण जाते. छापखान्यात मोठ्या तावावर कव्हरे बसवताना कागद वाचावा म्हणून ती आडवी फिरवली जातात. तावामागे वाचलेला थोडासा कागद पुढे प्रत्येक वाचकाला दर पावसाळ्यात दिसत राहतो.

आता आमच्याकडच्या हवेविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुस्तकांच्या निगराणीविषयी जे सल्ले सर्वसाधारणपणे दिले जातात ते बाराही महिने बेताच्या हवेत राहणाऱ्या गावांसाठी असतात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपाच्या दिवसांत ४६-४७ अंशही नवीन नाहीत, आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. त्यानंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत धानाच्या बांध्या पाण्याने भरतात, रोवणी सुरू होते आणि आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाऊन दोन-अडीच महिने तेथेच राहते. पुस्तकांसाठी साधारण चाळीस ते पंचावन्न टक्क्यांची स्थिर हवा चांगली मानतात. तशी हवा आमच्या वाट्याला नैसर्गिकपणे येते ती कार्तिकापासून माघापर्यंत. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्या भागातील पुष्कळ वाचकांनी तेथून पुस्तके आणली. आणली तेव्हा ती पाटीसारखी सपाट होती, कारण हिवाळा सरत असतानाची ती हवाच तशी असते. त्याच पुस्तकांची मुखपृष्ठे जुलैमध्ये उचलली गेली तेव्हा बांधणी वाईट निघाली असे अनेकांना वाटले, पण बांधणीचा त्यात संबंध नव्हता.

मे महिन्यातील वळण उलट्या दिशेचे असते. हवा कागदातील पाणी ओढून घेते, आतला थर आखडतो आणि मुखपृष्ठ पानांकडे दबते. पाने त्याला अडवतात म्हणून ते चटकन दिसत नाही. पुस्तक टेबलावर पालथे ठेवले की कडा टेकलेल्या आणि मध्यभाग उचललेला दिसतो. या उन्हाळी वळणाने फारसे नुकसान होत नाही. नुकसान करतो तो कूलर. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा काढणे अवघड, आणि कूलर हवेला थंड करतो तो तिच्यात पाणी मिसळूनच, त्यामुळे बाहेर वीस टक्के आर्द्रता असताना कूलरच्या खोलीत ती साठ-सत्तर टक्क्यांवर सहज जाते आणि झोताच्या समोर त्याहूनही अधिक असते. संध्याकाळी कूलर लावला, पहाटे वीज गेली म्हणून बंद पडला, दुपारी पुन्हा लावला, असे चालू असताना उशाशी ठेवलेल्या पुस्तकाचे कव्हर एकाच दिवसात दोन-तीन वेळा फुगते आणि आखडते. प्रत्येक फेऱ्यात तंतूंची मांडणी किंचित सरकते, आणि पुष्कळ फेरे झाले की वळण कायमचे बसते. मग हवा कशीही असो, ते पुरते जात नाही. माझ्या पाहण्यातील सर्वांत बिघडलेली पुस्तके पावसाने बिघडलेली नाहीत, ती कूलरच्या झोतात महिनाभर राहिलेली आहेत.

नवीन पुस्तक कोऱ्या स्थितीतच वळलेले असेल तर त्याचे कारण बहुधा लॅमिनेशनच्या वेळचे असते. फिल्म रुळांवरून ओढून तापवून चिकटवतात. ओढ प्रमाणाबाहेर ठेवली तर फिल्म ताणलेल्या स्थितीत चिकटते आणि नंतर मूळ लांबीवर येऊ पाहते, त्यामुळे हवा कोरडी असली तरी कव्हर बाहेर वळते. डिजिटल यंत्रावर थोड्या प्रती छापतात तेव्हा टोनर, म्हणजे शाईची कोरडी पूड, पक्का करण्यासाठी कागद तापवला जातो. तो पार कोरडा झालेला असतानाच त्यावर फिल्म चढवली, तर पुढे नेहमीच्या हवेत आल्यावर तो ओल घेऊन फुगणार हे ठरलेलेच असते. अलीकडे मोजक्या प्रतींच्या आवृत्त्या वाढल्या आहेत, आणि अशी पुस्तके पार्सलमधून निघताक्षणी उलटू लागतात, ती यामुळे.

रूढ उपायांविषयी माझे मत स्पष्ट आहे. उलटलेले मुखपृष्ठ उलट दिशेने मोडून सरळ करणे हे सर्वांत वाईट, कारण त्याने तंतू तुटतात, पाठीजवळच्या घडीच्या रेषेवर फिल्मला भेग पडते आणि पुढच्या पावसाळ्यात ओल त्याच भेगेतून शिरते. उन्हात ठेवल्याने कव्हर तेवढ्यापुरते सपाट दिसते खरे, परंतु परफेक्ट बाइंडिंगच्या, म्हणजे पाने न शिवता पाठीला गोंदाने चिकटवलेल्या बांधणीच्या, पाठीला लावलेला गोंद उष्णतेने पातळ होणाऱ्या जातीचा असतो. वैशाखातील उन्हात तो मऊ पडतो, पाठ तिरपी होते आणि नंतर पाने सुटू लागतात. इस्त्री फिरवल्यास फिल्म आकसते आणि तिच्याखाली फोड येतात. राहिला वजनाखाली दाबण्याचा उपाय. तो उपाय म्हणून चुकीचा नाही, पण श्रावणात केला तर व्यर्थ जातो, कारण दाबलेला कागद सादळलेलाच राहतो आणि वजन काढल्यावर तासाभरात पूर्ववत वळतो. आधी कागदातील ओल बेताची झाली पाहिजे आणि मग दाब दिला पाहिजे. हा क्रम पाळला नाही तर कितीही विटा ठेवून लाभ नाही.

पुस्तके ठेवण्याची पद्धत ठरवताना मी एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवते: मुखपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूला मोकळी हवा लागू द्यायची नाही. पुस्तक मिटलेले आणि दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना टेकलेले असले की ती बाजू पहिल्या पानाला चिकटून असते, आणि शे-दोनशे पानांचा गठ्ठा हवेतील चढउतार फार सावकाश आत येऊ देतो. कव्हर थोडे जरी उचलले गेले तरी त्या फटीतून हवा आत जाते, आतली बाजू आणखी ओल घेते आणि फट वाढत जाते. म्हणून पहिल्या दिवशी अर्ध्या बोटाचे असलेले वळण आठवड्याने चार बोटांचे होते. टेबलावर एकटे पडलेले पुस्तक सर्वांत आधी उलटते आणि भरलेल्या आलमारीतील शेवटपर्यंत टिकते, याचे कारण एवढेच आहे.

आलमारीत पुस्तके उभी ठेवावीत, मात्र रांग पूर्ण भरलेली असावी. एक पुस्तक दोन बोटांच्या चिमटीत धरून शेजारच्यांना न ओरबाडता बाहेर निघेल एवढीच सैल असावी. रांग अर्धवट असेल तर पुस्तके कलंडतात, कलंडलेल्या पुस्तकाची पाठ पिळली जाते आणि कव्हरला एका बाजूने आधार उरत नाही. अशा वेळी रांगेच्या शेवटी कोऱ्या कागदात गुंडाळलेली वीट उभी करावी; पत्र्याच्या पातळ टेकूपेक्षा ती बरी, कारण तिचा सपाट पृष्ठभाग संपूर्ण कव्हरला लागतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, ती म्हणजे शेजारच्या पुस्तकांची उंची. मोठ्या आकाराच्या पुस्तकाशेजारी लहान पुस्तक ठेवले तर मोठ्याच्या कव्हरचा वरचा भाग उघडा राहतो आणि नेमका तेवढाच भाग वळतो. आमच्या आलमारीत विषयवारीप्रमाणे लावलेल्या रांगांमध्ये असे अर्धेच वळलेले कोपरे पुष्कळ सापडत. विषय कायम ठेवून प्रत्येक विषयात उंचीनुसार पुस्तके लावली की हा त्रास बराच कमी होतो.

ज्यांच्याकडे थोडी पुस्तके आहेत त्यांनी ती आडवी रचून ठेवली तरी चालते, किंबहुना पातळ पुस्तकांसाठी ते अधिक चांगले. एकाच आकाराची पुस्तके वीतभर उंचीपर्यंत रचावीत, पाठी आलटून पालटून दोन बाजूंना ठेवाव्यात म्हणजे चळत एका अंगाला झुकत नाही, आणि सर्वांत वर पुस्तकाच्या आकाराची प्लायवुडची फळी ठेवून तिच्यावर एक वीट ठेवावी. फळी न ठेवता नुसती वीट ठेवली तर दाब मध्यभागी पडतो आणि कडा मोकळ्याच राहतात, आणि कडांनाच तर दाबाची गरज असते.

जागेचा विचार भिंतीपासून करावा लागतो. पश्चिमेच्या आणि पावसाची सर झोडपते त्या भिंतीला आलमारी लावू नये. आतल्या भिंतीला लावावी आणि तेथेही चार बोटे अंतर सोडावे. भिंतीत बांधलेली कडप्प्याची फडताळे दिसायला छान असली तरी पावसाळ्यात दगड थंड राहतो आणि त्याच्याशी टेकलेली पुस्तके ओलावतात, म्हणून तेथे खाली आणि मागे प्लायवुड घालणे चांगले. टिनाच्या छताखालची खोली दिवसा तापते आणि रात्री निवते, त्यामुळे तिच्यातील आर्द्रता चोवीस तासांत मोठे हेलकावे घेते. या बाबतीत मातीच्या भिंतींचे, कवेलूचे जुने घर सरस आहे, कारण मातीची भिंत स्वतः ओल शोषून घेते आणि हळूहळू परत देते, आणि खोलीतील हवा त्यामानाने संथ राहते. तेथे धोका वाळवीचा असतो. आलमारीचे पाय जमिनीपासून उंच ठेवून आणि भिंतीचा स्पर्श टाळून तो आटोक्यात ठेवता येतो, पण दर आठवड्याला मागून पाहिलेच पाहिजे.

लोखंडी आलमारी असेल तर ती मृगापूर्वी, हवा कोरडी असतानाच भरून घट्ट बंद करावी. आत दाटीने ठेवलेला कागदच ओलाव्याचा साठा सांभाळतो, आणि बाहेरची हवा चढली तरी आतली हवा सावकाश चढते. मात्र पावसाळाभर ती उघडायचीच नाही असे करू नये: आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशी धरते, म्हणून उघडीप पडलेल्या दुपारी दार उघडून तासभर वारा द्यावा आणि सूर्यास्तापूर्वी बंद करावे. काहीशे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक आत ठेवला तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. सिलिका जेलच्या लहान पुड्या एवढ्या मोठ्या आलमारीत फार काही करू शकत नाहीत. वापरायच्याच असतील तर पाव किलो तरी दाणे घ्यावेत आणि रंग पालटला की तापवून पुन्हा कोरडे करावेत. प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण पावसाळ्यात बांधलेली पिशवी ओलावा आत कोंडून ठेवते. कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर तो पूर्ण वाळलेला असावा. ओलसर पाला कसरीला थोपवील की नाही हा पुढचा प्रश्न, बुरशीला मात्र आमंत्रण देतो.

आधीच वळलेली पुस्तके सपाट करण्यासाठी दिवाळीनंतरचा काळ निवडावा. पुस्तके प्रथम आठवडाभर सावलीत, वाऱ्याच्या खोलीत उभी, किंचित सैल ठेवावीत. एवढ्यानेच पुष्कळ कव्हरे खाली येतात. उरलेल्यांच्या मुखपृष्ठ आणि पहिल्या पानाच्या मध्ये एक कोरा, जाडसर कागद घालावा, मलपृष्ठाकडेही तसेच करावे, आणि मग फळ्यांच्या मध्ये ठेवून दोन-तीन विटांचे वजन द्यावे. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते. पंधरा दिवसांनी कोरे कागद बदलावेत आणि आणखी तेवढेच दिवस ठेवावे. कूलरने बिघडलेली पुस्तके यानेही पूर्ण सरळ होत नाहीत, फक्त बरी होतात. त्यांना उभ्या रांगेच्या मध्यभागी, दोन जाड पुठ्ठा बांधणीच्या ग्रंथांमध्ये कायमची जागा द्यावी.

आमच्या भागात कविता, झाडीबोलीतील कथा, गावाचे इतिहास स्वतःच्या खर्चाने छापणारे लेखक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पुस्तकांची कव्हरे सर्वांत आधी उलटतात हे मला पाहवत नाही. पदरमोड करून काढलेले पुस्तक पहिल्या पावसाळ्यातच जुनाट दिसावे असे कोणाला वाटेल? छापखान्याशी बोलताना त्यांनी काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. कव्हरचे आणि आतल्या पानांचे ग्रेन पाठीला समांतर हवे. कार्ड शक्यतो ३०० जीएसएमचे घ्यावे. लॅमिनेशन नायलॉनच्या फिल्मचे मिळत असेल तर तेच करावे. नायलॉन ओलावा शोषते आणि पार जाऊ देते, त्यामुळे ते कागदाबरोबर थोडे फुगते आणि आखडते, म्हणून त्याची कव्हरे सपाट राहतात, मात्र ते महाग पडते. ते परवडत नसेल तर कव्हरला आत दुमडलेले रुंद फ्लॅप ठेवावेत. फ्लॅप दुमडला की त्याची फिल्म पानांकडे तोंड करते आणि कागदाची बाजू कव्हरच्या कागदाला लागते; ओल्या हवेत कव्हर बाहेर वळू पाहते तेव्हा फ्लॅप आत वळू पाहतो आणि दोघे एकमेकांना धरून ठेवतात. फ्लॅप रुंदीच्या निम्म्याहून अधिक असेल तर हा परिणाम स्पष्ट दिसतो, आणि त्यासाठी लागणारे जादा कार्ड नायलॉनच्या फिल्मपेक्षा कमी खर्चात बसते का, हे छापखान्याकडून दोन्हींचे दर लिहून घेऊन पाहावे.